कॅनन १५००डी आणि ५५-२५० लेन्सने एअर शोमध्ये काढलेली सगळी विमानं काळी आणि धूसर आली. कॅमेरा बदलावा का?

नका बदलू. निदान एवढ्यासाठी तरी नका. माझ्याकडे हाच कॅमेरा आणि हीच लेन्स आहे, आणि पहिल्या एअर शोमधून मी घरी जे आणलं ते तुमच्याहून वाईट असणार. सहाशेच्या वर फोटो, आणि त्यातले बहुतेक म्हणजे पांढुरक्या आभाळावर बसलेल्या माश्या.

जानेवारी २०२४ मध्ये १२, १३ आणि १४ तारखेला हवाई दलाने मरीन ड्राइव्हवर दुपारी बारा ते एक असा शो केला होता. सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या तुकडीची हॉक विमानं, सारंग तुकडीची ध्रुव हेलिकॉप्टरं, सुखोई लढाऊ विमान, आकाशगंगा तुकडीचे पॅराशूटवाले. पहिल्या दिवशी मी गिरगाव चौपाटीच्या बाजूला कठड्यावर जागा धरली. चर्नी रोड स्टेशन जवळ, एवढाच काय तो विचार. बारा वाजले आणि सूर्य थेट समोर! जानेवारीत मुंबईत भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण पन्नास अंशांवर. चौपाटीवरून समुद्राकडे पाहणारा माणूसही साधारण दक्षिणेकडेच पाहत असतो. त्यामुळे प्रत्येक विमानाची सावलीतली बाजू माझ्या वाट्याला आली.

दुसऱ्या दिवशी चर्चगेटला उतरलो आणि चालत नरिमन पॉइंटच्या टोकाकडे गेलो. तिथून मलबार हिलच्या दिशेला तोंड केलं की सूर्य पाठीशी येतो. कॅमेरा तोच, लेन्स तीच, सेटिंगही बरीचशी तीच चुकीची. तरीसुद्धा हॉकचा लाल रंग लाल दिसला, आणि जवळून गेलेल्या दोन-तीन फोटोंत वैमानिकांची हेल्मेटंही दिसली. आदल्या रात्री मी नव्या लेन्सच्या किमती बघत बसलो होतो, तो विषय तिथेच संपला.

तेव्हा तुमचा पुढचा शो कुठेही असो, आधी नकाशा उघडा, शोच्या वेळी सूर्य कुठल्या दिशेला असेल ते काढा आणि त्याला पाठ देऊन उभं राहता येईल अशी जागा शोधा. गर्दीच्या मधोमध, मंचासमोर उभं राहण्याचा मोह होतो; उन्हाचं गणित जमत नसेल तर ती जागा सोडून द्या.

आता काळेपणाचं उरलेलं कारण. फ्रेममध्ये नव्वद टक्के उजळ आभाळ असलं की कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश खूप आहे, म्हणून तो सगळंच गडद करतो. मुंबईच्या हिवाळ्यात आभाळ निळं कमी आणि दुधाळ जास्त, त्यामुळे हे आणखी बिघडतं. १५००डीवर एव्हीचं बटण दाबून धरा आणि चाकाने एक्स्पोजर (फोटोचा उजेड) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकपर्यंत न्या. खरंच गडद निळं आभाळ असेल तर अधिक एक-तृतीयांश पुरतं. पहिलं विमान गेल्यावर स्क्रीनवर पोट काळं दिसतंय का ते एकदा बघा, मग हात लावू नका. स्क्रीन बघण्यात मी अर्धा सुखोई घालवलाय.

धूसरपणाचं कारण बहुधा ऑटो मोड. ताशी ६०० किलोमीटरने जाणारं विमान सेकंदाला सुमारे १६७ मीटर पुढे सरकतं, म्हणजे १/१००० सेकंदातही जवळपास १७ सेंटिमीटर. म्हणून टीव्ही मोड लावा (शटरचा वेग आपण ठरवायचा तो), १/१००० किंवा १/१२५०, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) २०० ते ४००. स्वच्छ उन्हात अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक) आपोआप एफ ८ च्या आसपास येतं, आणि आपली ही लेन्स तिथेच सगळ्यात चांगली चालते. फोकस वन शॉटवर (एकदाच धरून थांबणारा) असेल तर एआय सर्वोवर (हलत्या वस्तूमागे फिरणारा) न्या आणि नऊ फोकस पॉइंटपैकी फक्त मधला चालू ठेवा. बाकीचे पॉइंट कोऱ्या आभाळावर चाचपडत बसतात आणि लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. विमान लांब असतानाच ते मध्यावर धरा, बटण अर्धं दाबा आणि कंबरेपासून वळत त्याच्याबरोबर फिरा. फोटो काढल्यावरही फिरणं थांबवू नका. बहुतेक जण इथेच चुकतात, क्लिक झालं की थबकतात.

हेलिकॉप्टरला मात्र हा सगळा हिशेब उलटा. ध्रुवचा पंखा मिनिटाला साधारण तीनशे फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला पाच. १/१००० ला त्याचं पातं जेमतेम दोन अंश फिरतं, आणि फोटोत पाती गोठून हेलिकॉप्टर दोऱ्याने टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. माझे सारंगचे पहिल्या दिवसाचे सगळे फोटो असेच आहेत. १/१२५ ला पातं चौदा-पंधरा अंश फिरतं, पंखा फिरतोय हे कळतं. पण तेवढा वेळ कॅमेरा हलू न देता हेलिकॉप्टरबरोबर वळायचं हे सोपं काम नाही. दहातला एक धड आला तरी मी खूश असतो. सवय नसेल तर १/२५० पासून खाली या. आणि आयएसओ १०० करायला विसरू नका, नाहीतर अॅपर्चर अगदी बारीक होतं आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण आभाळात ठिपका होऊन उमटतो. हे ठिपके घरी बसून पुसताना जीव जातो. पंखेवाल्या मालवाहू विमानांनाही हेच लागू.

२५० मिलिमीटर पुरत नाही ही तक्रार थोडी खरी आहे. पाचशे मीटरवरच्या विमानाशी तुमची फ्रेम साधारण ४५ मीटर रुंद असते आणि हॉक जेमतेम १२ मीटर लांब. म्हणजे चौथा हिस्सा. पण २४ मेगापिक्सेलमधून एवढा भाग कापून घेतला तरी मोबाइल आणि छोट्या प्रिंटसाठी भरपूर उरतो. नऊ विमानांची एकत्र रचना असेल तर उलट झूम मागे घ्यावा लागतो. दोन किलोमीटरवरच्या विमानाचा नाद सोडा. मधल्या धुरक्याने ते कुठल्याही लेन्सला धूसरच दिसणार.

दोन विमानं समोरासमोरून येऊन एकमेकांना ओलांडतात तो क्षण सगळ्यांना हवा असतो. दोघांचा वेग ताशी ५०० धरला तरी आपला कॅमेरा सेकंदाला तीन फोटो काढतो, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये त्यांच्यातलं अंतर ९० मीटरहून जास्त बदलतं. धडाधड बटण दाबून ते सापडत नाही. एकाच विमानाच्या मागे रहा, दुसरं फ्रेममध्ये शिरतंय असं वाटताच एकदा दाबा. माझं आजवर दोनदा जमलंय, त्यातलं एक निव्वळ नशीब.

सरावासाठी शोची वाट बघू नका. मुंबई-पुण्यात कुठल्याही गच्चीवरून दिसणारी घार उत्तम गुरू आहे, हळू वळते आणि फुकट आहे. हिवाळ्यात मरीन ड्राइव्हवर सीगल असतात, ते जरा अवघड. आठ-दहा संध्याकाळी यात घालवल्या की विमान सोपं वाटायला लागतं, ते निदान सरळ तरी जातं.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. विमान सूर्याच्या दिशेने निघालं की डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढा. २५० मिलिमीटरच्या लेन्समधून सूर्य थेट डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते.

आणि सूर्यकिरणची दोन विमानं धुराने बदाम काढतात, तेव्हा ही लेन्स गळ्यातच राहू द्या आणि मोबाइल बाहेर काढा. तो बदाम आपल्या फ्रेममध्ये मावत नाही. लेन्स बदलत बसलात तर तोवर समुद्रावरचा वारा त्याचा भोपळा करून टाकतो.