दिल्लीचा डिप्लोमॅट, आसगावचं घर

प्रश्न: आसगावचं आमचं जुनं घर दिल्लीतल्या एका वकिलातीतील परदेशी अधिकाऱ्याला दोन वर्षांसाठी स्वतःच्या नावावर भाड्यानं हवंय. शेजारी म्हणतात, डिप्लोमॅटवर केस होत नाही. एजंट म्हणतो, 'मी माझं संरक्षण सोडतो' असं कलम करारात आहे, बिनधास्त सही करा. काय करू? – एक घरमालकीण, म्हापसा

उत्तर: ताई, तूर्त सही करू नका. शेजाऱ्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. एजंटच्या कलमाला मात्र काडीची किंमत नाही. ते संरक्षण अधिकाऱ्याच्या मालकीचं नसतंच, त्याच्या देशाचं असतं. सोडायचं तर त्या देशानं, स्पष्ट शब्दांत. 1961 च्या व्हिएन्ना करारातलं 32 वं कलम हेच सांगतं आणि 1972 च्या कायद्यानं ते भारतात लागू आहे. खरी मेख पुढेच आहे. दावा चालवायला दिलेली संमती हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला चालत नाही, ती वेगळी घ्यावी लागते. नाहीतर कोर्टात तुम्ही जिंकाल आणि बेलीफ फाटकाबाहेरच उभा राहील.

स्थावर मालमत्तेच्या दाव्यांना अपवाद आहे, असंही कोणी सांगेल. थकलेल्या भाड्याची वसुली त्यात बसवणं कठीण. त्या भरवशावर किल्ली देऊ नका.

हाच माणूस पणजीतल्या एखाद्या कॉन्सुलेटचा (वाणिज्य दूतावासाचा) अधिकारी असता तर गोष्ट वेगळी होती. 1963 च्या दुसऱ्या व्हिएन्ना करारानुसार कॉन्सुलर अधिकाऱ्याला संरक्षण फक्त सरकारी कामापुरतं; स्वतःसाठी केलेल्या भाडेकराराला ते लागू नाही. म्हणून आधी परराष्ट्र मंत्रालयानं दिलेलं ओळखपत्र बघा.

करार वकिलातीच्या नावावर केला तर? मग दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 खाली केंद्र सरकारची परवानगी लागेल. तरीही मला तो पर्याय बरा वाटतो, कारण वकिलातीला आपली अब्रू सांभाळायची असते.

त्यालाच घर द्यायचं असेल तर दोन्ही संमती देणारं राजदूतांच्या सहीचं पत्र आधी मागा. ते आलं नाही तर सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ घ्या, डिपॉझिटही भक्कम ठेवा. एका वर्षाहून मोठा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो. शिसवी पलंगापासून बाल्कांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) फरशीपर्यंत सगळ्याची फोटोंसह यादी करून तीवर सही घ्या. बदली झाल्यास मुदतीआधी घर सोडायची सोय तो मागेल. ती द्या, पण नोटीस दोन महिन्यांची ठेवा. आणि शेवटचं वीजबिल चुकतं होईपर्यंत डिपॉझिटमधला पैसाही परत करू नका. तो देशाबाहेर गेल्यावर हातात तेवढंच उरतं.