‘ग्रंथपालांकडून ही अपेक्षा नव्हती’

पन्नाशीच्या आसपासची माणसं माझ्याकडे समुपदेशनाला आली की एक वाक्य हमखास येतं, "मॅडम, कामाचं टेन्शन नाहीये हो, काम मला येतं, पण आता सगळं मोबाईलवर करायला सांगतायत आणि ते काही मला जमत नाही, लोक हसतात." बँकेतले असतात, शाळेतले असतात, ग्रामपंचायतीतले असतात. प्रश्न तोच, हे या वयात जमणार का, आणि नाही जमलं तर आपली किंमत संपली का. एकेकाला सुटं उत्तर देत बसण्यापेक्षा एका ग्रंथपाल ताईंची केस सांगते. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असं बरंच बदललंय, काही गाळलंय.

ताई तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. जुनी संस्था, ‘अ’ वर्ग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे 1967 च्या कायद्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात, त्या वर्गाप्रमाणे सरकारचं परिरक्षण अनुदान मिळतं, ते हप्त्याने येतं आणि पगार त्याच्या मागोमाग, म्हणजे येईल तेव्हा. तरीही वर्षानुवर्षं तिथंच राहिलेली माणसं असतात, ताई त्यातल्या. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, सध्या कुणाकडे गेलंय, कोण पानं दुमडून परत आणतं, सगळं तोंडपाठ. देवघेवीच्या काउंटरवर एखाद्या आजी नुसत्या येऊन उभ्या राहिल्या तरी ताई आत जाऊन त्यांना हवं तेच घेऊन येणार.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये वाचनालय बंद पडलं, सभासद गळाले, आणि नंतर नवे कार्यवाह आले, वयाने ताईंपेक्षा बरेच लहान, उत्साही, मनाने चांगले. पण त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, व्हॉट्सॲप ग्रुप करा, फेसबुक पेज करा, इन्स्टावर रील टाका, पुस्तकांची यादी ऑनलाइन करा, "ताई रोज एक तरी पोस्ट पडली पाहिजे हं." आणि हे सगळं कुणाच्या फोनवर, तर ताईंच्या स्वतःच्या, स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या रिचार्जवर. वर ‘तुमचं एमएससीआयटी झालंय ना मग काय अडचण’ हेही ऐकवून झालं. एमएससीआयटी झालं होतं, सर्टिफिकेट फाइलला होतं, पण त्या कोर्समध्ये चारशे लोकांसमोर पोस्ट टाकायची धास्ती कुणी शिकवत नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा झोप नीट लागत नव्हती, ॲसिडिटी, आणि रविवार संध्याकाळ झाली की पोटात गोळा. डॉक्टरांनी बीपी, थायरॉइड सगळं बघून झालेलं, सगळं नॉर्मल. पर्समध्ये राजीनाम्याचा कागद घडी करून ठेवलेला, तारीख तेवढी घालायची बाकी.

मी विचारलं, हे नेमकं कधीपासून. आधी म्हणाल्या ‘असंच हळूहळू’, मग बऱ्याच वेळाने खरी गोष्ट बाहेर आली. मार्च महिना होता, थकीत वर्गणीची सूचना ग्रुपवर टाकायची होती, मराठी टायपिंगला वेळ लागतो म्हणून त्यांनी बोलून टाइप केलं, आणि फोनने ‘थकीत वर्गणी’चं केलं ‘थकीत वहिनी’. थकीत वहिनी 31 मार्चच्या आत जमा करावी. पाठवल्यावर त्या पुस्तकं लावायला आत गेल्या, परत येईपर्यंत हसण्याच्या इमोजींची रांग लागलेली. ते एकवेळ चाललं असतं, हसू त्यांनाही आलं असतं, पण एका निवृत्त मुख्याध्यापकांनी खाली लिहिलं होतं, ‘ग्रंथपालांकडून ही अपेक्षा नव्हती.’

मला हे सांगताना त्यांचा आवाज बसला.

त्या दिवसापासून साधी ‘उद्या वाचनालय बंद राहील’ एवढी ओळ टाकायची तरी आधी वहीत लिहायची, मग मुलाकडून तपासून घ्यायची, मग टाकायची, मग परत परत उघडून बघायचं कोण काय म्हणतंय. रात्री अकरा-बाराला सुद्धा.

आता इथं सहसा काय होतं, तर घरचे म्हणतात ‘एवढं काय त्यात, सगळ्यांच्या होतात चुका’, ऑफिसवाले म्हणतात एखादं ट्रेनिंग करून घ्या. मला दोन्ही पटत नाही. कारण ताई ‘मला जमत नाही’ म्हणत होत्या त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या, एक भीती आणि दुसरी चक्क रास्त तक्रार. भीतीवर मनाचं काम करावं लागतं, तक्रारीवर ते करून उपयोग नाही, उलट माणसाला वाटतं की दोष आपलाच. मग आम्ही कागदाला मधोमध रेघ मारली आणि एकेक गोष्ट कुठल्या बाजूला जाते ते ठरवत बसलो.

तक्रारीची बाजू भराभर भरली. स्वतःचा नंबर सगळ्या गावाला गेलाय, रात्री साडेदहाला ‘अमुक पुस्तक आलं का’ म्हणून फोन येतो. ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, एका सभासद मुलीला कुणीतरी तिथून नंबर घेऊन नको ते मेसेज पाठवले, ती ग्रुप सोडून गेली आणि वाचनालयात यायची पण बंद झाली. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचेच एक सदस्य रोज राजकीय फॉरवर्ड टाकतात, त्यांना कोण बोलणार. लोक नव्या कादंबऱ्यांच्या पीडीएफ मागतात आणि नाही म्हटलं की ‘ताई जुन्या विचारांच्या’. आणि ग्रुपवर कुणी काही भलतंच टाकलं तर ॲडमिन म्हणून पोलीस आपल्याला धरतील ही एक धाकधूक कायम.

यातलं एकही ‘तुम्ही पॉझिटिव्ह विचार करा’ म्हणून सुटणारं नाही. सुटलं ते साध्या गोष्टींनी. वाचनालयाच्या नावाने वेगळं सिम आणि एक साधासा स्मार्टफोन, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस, त्यात वेळेबाहेर मेसेज आला की आपोआप उत्तर जातं, ‘वाचनालय उद्या सकाळी उघडेल, तेव्हा कळवतो.’ ग्रुपला सेटिंग बदलून फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील असं केलं, फॉरवर्डवाले सदस्य त्या दिवसापासून गप्प, कुणाला काही बोलावंच लागलं नाही. नंबर दिसण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, त्यासाठी पुढे व्हॉट्सॲपवरच चॅनेल काढलं, तिथं फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ॲडमिनच्या जबाबदारीबद्दल मी त्यांना 2021 चा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल सांगितला, दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला नुसता ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचं आधीपासून संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. हे ऐकून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मलाच वाटलं हे आधी कुणी कसं सांगितलं नाही यांना.

पीडीएफचं उत्तर तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळे नव्या कादंबरीची फिरती पीडीएफ वाचनालयाने वाटणं म्हणजे सरळ चोरी, हे त्या मला समजावून सांगत होत्या. मी म्हटलं, मग हेच ग्रुपवर टाका की, आणि नुसतं नाही म्हणण्यापेक्षा काय मिळू शकतं तेही टाका. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या साइटवर आहेत, विकिस्रोतवर जुनी पुस्तकं आहेत. ती पोस्ट त्यांची आजवरची सगळ्यात जास्त फॉरवर्ड झालेली पोस्ट. यात शिकायचं असं काहीच नव्हतं, माहिती त्यांच्याकडेच होती, ती बाहेर काढायचा धीर नव्हता.

आता भीतीची बाजू. तिथं एकच ओळ होती, ‘चूक झाली तर लोक म्हणतील, हिला काही येत नाही.’

मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, म्हणजे अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत, त्यात आपण आपल्यावर लादलेले ‘च’ शोधायचे असतात, असंच झालं पाहिजे, चुकताच कामा नये वगैरे. मी विचारलं, ग्रंथपालाने चुकताच कामा नये हे कुठल्या नियमात लिहिलंय? त्या पटकन म्हणाल्या, "दाखल रजिस्टरला खाडाखोड चालत नाही मॅडम." (दाखल रजिस्टर म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांक घालून नोंद होते ते जाडजूड रजिस्टर, तपासणीला अधिकारी आले की पहिलं तेच मागतात.) मी म्हटलं, बरं, मग एवढ्या वर्षांत त्यात तुमची एकही नोंद चुकली नाही? "चुकते की." मग काय करता? "लाल शाईने एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला बरोबर नोंद करायची आणि सही." आणि मग बोलता बोलता त्या स्वतःच थांबल्या. व्हाइटनर लावायचा नाही, पान फाडायचं नाही, एक रेघ आणि सही. मला काही जोडावं लागलं नाही.

तेव्हापासून त्यांचा नियम झाला, पोस्टमध्ये चूक झाली तर मेसेज डिलीट करायचा नाही, खाली ‘दुरुस्ती’ लिहायचं, बरोबर ओळ टाकायची, शेवटी ‘ग्रंथपाल’. फोन ठेवून द्यायचा.

पण समजलं म्हणून भीती जाते असं नसतं, ती करून बघूनच जाते. म्हणून मी एक वही करायला सांगितली, पोस्ट टाकण्याआधी लिहायचं की आता काय होईल असं वाटतंय, आणि दुसऱ्या दिवशी लिहायचं की प्रत्यक्षात काय झालं. सोबत तो टीशर्टचा प्रयोगही सांगितला, 2000 साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टीशर्ट घालून इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं, घालणाऱ्यांना वाटलं खोलीतल्या निम्म्या मुलांच्या लक्षात आलं असणार, प्रत्यक्षात जेमतेम चौथा हिस्सा निघाला. ताईंवर काही परिणाम नाही. "ते अमेरिकेत. आमच्या गावात सगळ्यांना सगळं दिसतं."

मग म्हटलं चला, तुमच्याच गावात बघू. आपण टाकलेला मेसेज दाबून धरला आणि इन्फोमध्ये गेलं की कुणी वाचला, कुणापर्यंत नुसता पोचला ते दिसतं. ताईंनी त्यांच्या एका पोस्टचं उघडून बघितलं, आदल्या दिवशी सकाळची पोस्ट, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी ती उघडलेलीच नव्हती. यावर त्यांना हायसं वाटायला हवं होतं, तर त्या चिडल्याच, "म्हणजे मी रात्ररात्र जागतेय आणि हे वाचत पण नाहीत?" तो राग बघून मला फार बरं वाटलं, खरं सांगते.

पहिली पोस्ट काय टाकायची हेही त्यांनीच शोधलं. वाचनालयाच्या दारात फळा आहे, त्यावर ‘नवीन आलेली पुस्तकं’ त्या कित्येक वर्षं खडूने लिहितात, अक्षर असं की रस्त्यावरून जाणारा थांबून वाचतो. त्यांनी फळ्याचा फोटो काढला आणि टाकला, टायपिंग नाही, बोलून लिहिणं नाही, काही नाही. वहीत आधी लिहिलं होतं, ‘म्हणतील, टाइप पण करता येत नाही.’ दुसऱ्या दिवशीची नोंद, ‘चार जणांनी पुस्तक राखून ठेवायला सांगितलं. एकाने विचारलं अक्षर कुणाचं.’

नंतर दिवाळी अंक आले. ज्यांच्या गावी वाचनालय आहे त्यांना माहीत असेल, दिवाळी अंक योजनेची वेगळी वर्गणी असते आणि सुरुवातीचे दिवस काउंटरवर नुसती झुंबड, हा अंक कुणाकडे, तो कधी येणार. ताईंनी अंकांच्या मुखपृष्ठांचे फोटो टाकले आणि मेसेजवर नंबर लावायची सोय केली, ज्याचा अंक आला त्याला निरोप. म्हाताऱ्या सभासदांचे हेलपाटे वाचले. हे सांगताना त्यांनी एकदम रंगनाथनांचं नाव घेतलं, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक, त्यांनी 1931 मध्ये मांडलेली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. (12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो तो त्यांच्याच जन्मदिवसाचा.) आणि हीच त्यांची फूटपट्टी झाली. व्हॉट्सॲपने वाचकाचा वेळ वाचतो, ठेवलं. फेसबुक पेज मंडळातली पोरं बघतात, व्याख्यानमालेच्या वेळी उपयोग होतो, चालू दे. इन्स्टाच्या रीलने कुणाचा काय वेळ वाचतो, उलट जातो, म्हणून नाही म्हणाल्या, आणि कार्यवाहांना तसं तोंडावर सांगितलं. तंत्रज्ञान शिकणं म्हणजे समोर येईल ते सगळं अंगावर घेणं असं जे हल्ली समजलं जातं ना, त्याचा मला मनापासून राग आहे.

पुस्तकांच्या यादीचं काम अजून चालू आहे. आधी कुणा मुलाने सगळी यादी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिली होती, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसायची आणि शोधायला गेलं तर काहीच सापडायचं नाही. ताई तेव्हापासून म्हणत होत्या की हे चुकतंय, पण ‘ताईंना कॉम्प्युटरचं काय कळतं’ म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. आता युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल आणि शोधता येईल असं, परत टाइप करून घेतायत, त्यांच्या देखरेखीखाली. ही पण तक्रारच होती, भीती नव्हे.

झोप सुधारली, ॲसिडिटी अधूनमधून आहेच. मुख्याध्यापक अजून ऱ्हस्व-दीर्घ काढतात, आता ग्रुपवर लिहिता येत नाही म्हणून वेगळा मेसेज करतात. ताई बरोबर असेल तर दुरुस्ती टाकतात, नसेल तर शब्दकोशातल्या पानाचा फोटो पाठवतात. राजीनाम्याचा कागद काय झाला ते मी विचारलं नाही. पगार तेवढाच आहे, वाढीव कामाचं काय, हा अर्ज त्यांनी मंडळाकडे दिलाय, मी हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

तुमच्या बाबतीत असंच काही चाललं असेल तर आधी कागदावर रेघ मारून बघा, कुठलं भीतीत जातं, कुठलं तक्रारीत, आणि तक्रारीचं जे निघेल ते साहेबांकडे लेखी द्या. पण झोप, भूक आठवड्यांमागून आठवडे बिघडलेली असेल, छातीत धडधडत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला, सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आणि कुणी कार्यवाह, मुख्याध्यापक, साहेब हे वाचत असतील तर पहिल्यांदा सिम आणि फोन संस्थेचा द्या, मेसेजला उत्तर द्यायची वेळ ठरवून नोटीस लावा, पोस्ट कधी पडणार ते त्यानंतर विचारा.