ओरेगनच्या किनाऱ्यावरील स्टेट पार्कांचे एका दिवसात, एकट्याने छायाचित्रण कसे करावे?

ऑगस्टमध्ये कामानिमित्त पोर्टलंडला येणे होणार आहे, एकच शनिवार मोकळा आहे आणि त्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन एकट्याने ओरेगनच्या किनाऱ्यावरची सात-आठ स्टेट पार्क कॅमेऱ्यात टिपता येतील का, असे आपण विचारले आहे. गाडीने तेवढी ठिकाणे गाठता येतील, पण मनासारखी छायाचित्रे हाती लागणार नाहीत. मी गेली अकरा वर्षे पोर्टलंडजवळच्या बीव्हरटनमध्ये राहतो आणि वर्षातून सहा-सात वेळा पहाटे एकटाच कॅमेरा घेऊन या किनाऱ्याकडे निघतो. त्या अनुभवावरून माझा सल्ला चारच ठिकाणांचा आहे : इकोला, हग पॉइंट, ऑस्वल्ड वेस्ट आणि केप किवांडा. चारही ठिकाणे किनाऱ्यालगतच्या हायवे 101 वरून गाठता येतात. यांपैकी केप किवांडा सूर्यास्तासाठी राखून ठेवावे, आणि उरलेल्या तिघांचा क्रम नकाशा पाहून न ठरवता भरती-ओहोटीचा तक्ता पाहून ठरवावा.

भरती-ओहोटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपला दिवस साधणार की वाया जाणार हे बहुतांशी तिच्यावरच अवलंबून आहे. माझे बालपण हर्णैला गेले. तिथे आजोबा तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ सांगत असत, आणि ती फारशी चुकत नसे. ओरेगनला आल्यावर मी त्याच भरवशावर किनाऱ्यावर गेलो आणि फसलो. इथेही दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. परंतु त्या एकमेकींच्या बरोबरीच्या नसतात, आणि एकाच दिवसाच्या दोन ओहोट्यांमध्ये कधीकधी चार-चार फुटांचाही फरक पडतो. त्यामुळे ‘ओहोटी किती वाजता’ एवढे पाहून भागत नाही, ‘पाणी किती फुटांपर्यंत उतरणार’ हेही पाहावे लागते. अमेरिकी सरकारची नोआ ही संस्था प्रत्येक ठिकाणासाठी हे तक्ते आधीच प्रसिद्ध करते. त्यातील शून्य म्हणजे रोजच्या दोन ओहोट्यांपैकी अधिक खोल ओहोटीची सरासरी पातळी होय. आकड्याआधी उणे चिन्ह दिसले, तर पाणी त्याहूनही खाली जाणार, हे समजावे. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर सर्वांत खोल ओहोटी सकाळी येते आणि हिवाळ्यात ती संध्याकाळकडे सरकते. आपला शनिवार अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या आसपास आला, तर सकाळी सहा ते आठच्या दरम्यान पाणी बरेच मागे गेलेले असेल. अष्टमीच्या सुमारास आला, तर तीच वेळ दुपारकडे ढकलली जाईल आणि भांगाचे दिवस असल्यामुळे पाणी तितके उतरणारही नाही. पहिल्या स्थितीत पहाटे निघून थेट हग पॉइंट गाठावे आणि नंतर इकोलासाठी मागे उत्तरेला यावे. दुसऱ्या स्थितीत सुरुवात इकोलापासून करावी.

हग पॉइंटला एवढे महत्त्व देण्याचे कारण सांगतो. हायवे होण्यापूर्वी या भागात किनाऱ्याची ओली वाळू हाच रस्ता होता. घोडागाड्या ओहोटी साधून वाळूवरून जात आणि वाटेत समुद्रात घुसलेल्या या टोकाला अगदी खेटून वळसा घालत. त्यावरूनच त्याला हे नाव पडले (इंग्रजीत ‘हग’ म्हणजे कवटाळणे). पुढे लोकांनी टोकाच्या पायथ्याशी खडक फोडून गाडीपुरती वाट काढली, आणि ती आजही शाबूत आहे. पार्किंगमधून वाळूवर उतरून उत्तरेकडे चालू लागले की आधी खडकावरून थेट वाळूत पडणारा एक लहान धबधबा आणि त्याच्याजवळच्या गुहा लागतात, आणि त्यांच्या पुढे ही कोरलेली वाट येते. तिच्या खोलगट भागांत पाणी साठते, त्यात आकाशाचे प्रतिबिंब पडते, आणि रुंद कोनाची लेन्स गुडघ्याच्या उंचीवर ठेवली की वाट सरळ समुद्रात शिरल्यासारखी दिसते. हे चित्र ओहोटीखेरीज मिळत नाही. पाणी चढू लागल्यावर ही वाट लाटांखाली जाते आणि टोकापलीकडे गेलेला माणूस अडकतो. पहिल्या वर्षी मी त्या पलीकडच्या बाजूला तिपाई लावून लाटा मोजत राहिलो आणि परत फिरलो तेव्हा पाणी मांड्यांपर्यंत आले होते. ऑगस्टमध्येही इथले पाणी दहा ते तेरा अंश सेल्सियसच्या आसपास असते. कोकणातल्या पाण्याची सवय असलेल्या शरीराला ती थंडी काही मिनिटांत हतबल करते. म्हणून ओहोटीच्या दीड-दोन तास आधी तिथे पोहोचावे आणि पाणी वळताच टोकाच्या अलीकडे यावे. इतका कडक नियम मी आज स्वतःसाठी पाळतो.

इकोलाचे काम वेगळे आहे. तिथे आपण उंचावरून पाहतो. कॅनन बीच गावातून दाट झाडीतला अरुंद, वळणावळणाचा रस्ता वर जातो. पार्किंगपासून थोड्याच अंतरावर दक्षिणेकडे उघडणारा कडा आहे. तिथून खाली किनाऱ्याची कमान, समुद्रातले काळे सुळके आणि दूरवर 235 फूट उंचीचा हेस्टॅक रॉक दिसतो. ओरेगनच्या किनाऱ्याची अनेक प्रसिद्ध छायाचित्रे इथूनच काढलेली आहेत. सूर्य मागच्या डोंगरावरून येतो, त्यामुळे अगदी पहाटे खालची वाळू सावलीत असते. सूर्य थोडा वर आल्यावर डावीकडून तिरपा प्रकाश येऊ लागतो आणि सुळक्यांना घडण येते. तो तास दवडू नये. सत्तर ते दोनशे मिलिमीटरची लेन्स सोबत असेल तर समुद्रात मैलभराहून थोडे दूर एका एकाकी खडकावर उभे असलेले टिलामुक रॉकचे दीपगृह अवश्य टिपावे. ते 1881 मध्ये पेटले आणि 1957 मध्ये कायमचे विझले. ‘इकोला’ हे नाव चिनूक लोकांच्या बोलीतील देवमाशासाठीच्या शब्दावरून आले आहे. जानेवारी 1806 मध्ये पश्चिम अमेरिकेचा शोध घेणाऱ्या लुइस-क्लार्क मोहिमेतील विल्यम क्लार्क आणि त्याचे सोबती किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाची चरबी मिळवण्यासाठी हाच डोंगर ओलांडून आले होते. पार्कात शिरण्यासाठी गाडीमागे शुल्क द्यावे लागते. भूस्खलनामुळे इथला रस्ता किंवा एखादी पायवाट अधूनमधून बंद होते, म्हणून आदल्या रात्री पार्क खात्याच्या संकेतस्थळावर स्थिती पाहून ठेवावी. शनिवारी दहाच्या पुढे पार्किंगला जागा मिळण्याची आशा मी धरत नाही.

आता धुक्याविषयी, कारण ऑगस्टमध्ये ते भेटणारच. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगतचे वरचे पाणी समुद्राकडे लोटले जाते आणि खालचे गार पाणी वर येते. त्या गार पाण्यावर दमट हवा थंडावून धुके धरते. पोर्टलंडला पस्तीस अंशांचे ऊन असेल, त्याच दिवशी किनाऱ्यावर पंधरा अंश आणि चौफेर करडा पडदा असू शकतो. अंगात स्वेटर आणि वाराबंद जाकीट असावे. मात्र धुके दिसले म्हणून निराश होऊन परतू नये. त्या वेळी ऑस्वल्ड वेस्टला जावे, कारण ते अरण्य धुक्यातच सर्वांत सुंदर दिसते. पार्किंगपासून शॉर्ट सँड बीचपर्यंत साधारण अर्ध्या मैलाची पायवाट ओढ्याच्या काठाने जाते. दोन्ही बाजूंना सिटका स्प्रूसचे प्रचंड बुंधे, त्यांवर लोंबणारे शेवाळ आणि खाली नेच्यांचे दाट रान आहे. उन्हात याच जागी पांढरे कवडसे आणि काळ्याकुट्ट सावल्या पडतात आणि चित्र फाटते. ढगाळ हवेत हिरव्याच्या सगळ्या छटा उलगडतात. ओल्या पानांवरची चकाकी काढण्यासाठी इथे पोलरायझर फिल्टर लावावा. धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो आणि चित्र काळवंडते, म्हणून एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवून घ्यावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

ज्यांच्या नावाने हे पार्क आहे, त्या गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्याविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. 1913 मध्ये त्यांनी ओरेगनची संपूर्ण ओली वाळू सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करणारा कायदा करवून घेतला, त्यामुळे ती खासगी मालकीत जाऊ शकली नाही. 1966 मध्ये कॅनन बीचच्या एका मोटेलने आपल्या समोरची कोरडी वाळू पाहुण्यांसाठी अडवली, तेव्हा लोक संतापले, आणि 1967 मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या कारकिर्दीत वनस्पतींच्या रेषेपर्यंतची कोरडी वाळूही लोकांच्या वापरासाठी खुली ठेवणारा कायदा झाला. आपण तिपाई खांद्यावर टाकून या राज्याच्या कोणत्याही किनाऱ्यावर चालू शकता ते त्यामुळेच, आणि ही मोकळीक मी दर वेळी जाणीवपूर्वक अनुभवतो.

दुपारी उजेड सपाट झाला की छायाचित्रणाचा हट्ट सोडून जेवावे आणि दक्षिणेकडे निघावे. निकानी डोंगराच्या कड्यात कोरलेल्या रस्त्यावर दगडी कठड्यांचे थांबे आहेत, तिथे दहा मिनिटे पुरेत. टिलामुकमार्गे पॅसिफिक सिटी गाठायला दोन तास धरावेत आणि सूर्यास्ताच्या निदान अडीच तास आधी तिथे असावे. ऑगस्टच्या मध्यावर सूर्य सव्वाआठच्या सुमारास मावळतो.

केप किवांडाचा सोनेरी-तांबूस वालुकाश्म पश्चिमेच्या उन्हात आतून पेटल्यासारखा दिसतो. बाजूलाच वाळूची उंच टेकडी आहे, समोर समुद्रात 327 फुटांचा आणखी एक हेस्टॅक रॉक आहे, आणि वाळूवरून थेट समुद्रात ढकलल्या जाणाऱ्या सपाट तळाच्या डोरी होड्या आहेत. त्या परतताना वेगाने लाटांतून येऊन वाळूवर चढतात. त्यांच्या वाटेत उभे राहू नये, पण बाजूने काढलेले ते चित्र फार जिवंत येते. मी होडीवाल्यांमध्ये वाढलेला माणूस असल्यामुळे कदाचित माझे मन तिथे जास्त रमत असेल. कड्यावर मात्र कुंपण आहे आणि ते ओलांडणारे अनेकजण आपल्याला दिसतील. हा खडक मऊ आहे, कडा खालून पोखरलेल्या असतात, आणि कुंपणापलीकडे गेलेल्या अनेकांचा तिथे मृत्यू झालेला आहे. आपल्याला जे चित्र हवे आहे ते अलीकडूनही मिळते. या खडकाच्या नाजूकपणाचा पुरावा म्हणजे तिथला ‘डकबिल’ नावाचा, छत्रीसारखा दिसणारा सुळका. 2016 मध्ये काही जणांनी तो हातांनी ढकलून पाडला.

लाटांच्या चित्रांसाठी शटर साधारण अर्धा ते एक सेकंद ठेवावे आणि लाट परत फिरताना टिपावे, म्हणजे वाळूवर पाण्याच्या रेघा उमटतात. त्यासाठी तीन किंवा सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, पुरतो. तिपाईचे पाय ओल्या वाळूत आधीच दाबून रोवावेत, नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर खालची वाळू सरकते आणि चित्र हलते. लेन्सवर उडालेले तुषार पुसण्यापूर्वी हवेच्या पंपाने वाळूचे कण उडवावेत, कारण कणांसकट पुसले की काचेवर कायमचे ओरखडे पडतात. मऊ फडकी चार तरी न्यावीत. एक फडके खाऱ्या पाण्याने ओले झाले की त्याने फक्त डाग पसरतात.

एकटे असताना समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके घालू नये. इथे बराच वेळ शांत लाटा येऊन गेल्यावर एखादी लाट अचानक फार आत येते. स्थानिक लोक तिला ‘स्नीकर वेव्ह’ म्हणतात. किनाऱ्यावर पडलेल्या मोठ्या ओंडक्यांवर उभे राहून चित्र काढण्याचा मोह होतो, पण वीतभर पाण्यातही ते उचलले जातात आणि माणसाला चिरडू शकतात. इकोला आणि ऑस्वल्ड वेस्टच्या परिसरात मोबाइलचा सिग्नल भरवशाचा नसतो, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत आणि आपला क्रम व परतण्याची अंदाजे वेळ पोर्टलंडमधल्या एका सहकाऱ्याला लिहून पाठवावी. जमीन हादरल्याचे जाणवले तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे; 26 जानेवारी 1700 रोजी याच किनाऱ्यापुढच्या भ्रंशावर महाभूकंप होऊन त्सुनामी आली होती, आणि वाटेत दिसणाऱ्या निळ्या पाट्या त्यासाठीच आहेत.

सूर्य बुडाल्यावर लगेच तिपाई आवरू नये. पुढचा अर्धा तास आकाशाचा रंग ओल्या वाळूत उतरत राहतो आणि तोवर गर्दीही पांगते. पॅसिफिक सिटीहून रस्ता 22 आणि 18 वरून पोर्टलंडला यायला सुमारे दोन तास लागतात. सुरुवातीचा टप्पा झाडीतून जातो आणि अंधारात हरणे आडवी येतात, तेव्हा सावकाश यावे. खोलीवर पोहोचल्यावर तिपाईचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धुवावेत, कारण खारे पाणी रात्रभर तसेच राहिले तर सांधे गंजू लागतात. कॅमेरा ओलसर फडक्याने पुसून कोरडा करावा आणि झोपण्यापूर्वी सगळ्या चित्रांची दुसरी प्रत करून ठेवावी.