वाचकांचे प्रश्न : ‘आधार लिंक आहे’, मग पैसे कुठे?

प्रश्न : आमच्या गावातील एका विधवा शेतमजूर बाईंचे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान जमा होत नाही. तहसील म्हणते पैसे पाठवले, बँक म्हणते आधार लिंक आहे. माहिती तंत्रज्ञानाने विषमता कमी होते म्हणतात, ती अशी?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : दोघेही खरे बोलत असतील. खात्याला केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार जोडणे वेगळे आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआय या देशातील बँक-देयकांची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या मॅपरमध्ये सीडिंग होणे वेगळे. मॅपर म्हणजे कोणत्या आधार क्रमांकाचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची यादी आणि सीडिंग म्हणजे त्या यादीत बँकेची नोंद होणे. मॅपरमध्ये एका आधार क्रमांकापुढे एकाच बँकेची नोंद राहते. नंतर दुसऱ्या बँकेने सीडिंग केले की पैसा मुकाट तिकडे वळतो. 2017 मध्ये सिमकार्डाच्या आधार पडताळणीतून एअरटेल पेमेंट्स बँकेत अनेकांची खाती नकळत उघडली गेली आणि गॅसची सबसिडी तिथे जाऊ लागली, ती याच वाटेने.

मायआधार संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. बँकेचे नाव, नोंद चालू की बंद आणि तारीख दिसते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्र गाठावे लागेल.

बँक वेगळी दिसली तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचे संमतीपत्र द्या, त्यात आधीच्या बँकेचे नाव लिहा आणि पोच घ्याच. ‘लिंक करा’ एवढेच म्हणालात तर पुन्हा केवायसीच होईल. नवी नोंद दिसेपर्यंत जुने खाते बंद करू नका, नाहीतर मधला हप्ता परत जाईल. बँक बरोबर असूनही पैसे नसतील तर खाते निष्क्रिय झाले आहे का ते विचारा. दोन वर्षे व्यवहार नसला की तसे होते. मग केवायसी नव्याने करावी लागते.

आता विषमतेचे. थेट खात्यात पैसे आल्याने वाटेत हात मारणारे कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चूक झाली की स्मार्टफोनवाला ती पाच मिनिटांत शोधतो आणि या बाईंची तहसील, बँक, आधार केंद्र करत तीन दिवसांची मजुरी बुडते. शिवाय फॉर्म भरणाऱ्याचे पैसे वेगळे. यंत्रणा गरिबांसाठी, पण दुरुस्तीचा भारही गरिबांवरच! सीडिंग तपासून देणारा माणूस ग्रामपंचायतीत ठरल्या वारी बसवला, तरी यातले बरेच हेलपाटे वाचतील.

वळलेले हप्ते मॅपर बदलल्याने आपोआप परत येत नाहीत. ते त्या दुसऱ्या खात्यातच पडून असतात. त्या बँकेतून बाईंनाच काढावे लागतील.