हिवाळ्यातला प्राथमिक वर्ग : शिक्षक-पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की प्राथमिकच्या शिक्षकांचे आणि पालकांचे जे प्रश्न येऊ लागतात, ते दरवर्षी जवळजवळ तेच असतात. डिसेंबर आणि जानेवारी हे आपल्याकडे वर्गाबाहेर पडून शिकण्याचे सर्वांत चांगले महिने आहेत. नेमके तेच ऐकीव माहिती, विकतचे प्रकल्प आणि स्नेहसंमेलनाची धावपळ यांत निघून जातात. म्हणून वारंवार विचारल्या गेलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : सकाळच्या पहिल्या दोन तासिका मैदानात उन्हात घेतल्या तर चालेल का? (शिक्षिका, पहिली, अहिल्यानगर जिल्हा)

अवश्य घ्याव्यात. मुलांना सूर्याकडे पाठ करून बसवावे, आणि दमा असलेल्या किंवा नुकत्याच आजारातून उठलेल्या मुलाबाबत आधी पालकांना विचारावे.

प्रश्न : शाळेच्या रंगाचा स्वेटर नव्हता म्हणून माझ्या मुलाला स्वेटर काढून वर्गात बसवले. हे योग्य आहे का? (पालक, नाशिक)

योग्य नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, आणि थंडीत मुलाच्या अंगावरचे ऊबदार कपडे काढायला लावणे ही शिस्त असू शकत नाही. मुख्याध्यापकांना आधी भेटा. तेथे दाद लागली नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी द्या.

प्रश्न : एका कंपनीने आमच्या शाळेला ‘हिवाळी उपक्रम संच’ देऊ केला आहे. त्यात कापसाचा हिममानव, बर्फाच्या घराचे चित्र, लोकरी टोपीचे कागदकाम आणि रंगवण्याच्या चाळीस पत्रिका आहेत. प्रत्येक मुलाकडून पैसे घ्यायचे आहेत. घ्यावा का? (मुख्याध्यापक, खासगी प्राथमिक शाळा, सोलापूर)

घेऊ नये. सोलापूरच्या मुलाने हिममानव रंगवला म्हणून काही बिघडत नाही; परंतु हिवाळा म्हणजे बर्फ, हे चित्र ज्या मुलाच्या मनात पक्के बसते, त्याला स्वतःच्या गावातला हिवाळा दिसेनासा होतो. त्याच दिवसांत शाळेपासून हाकेच्या अंतरावर शाळू (रब्बीची ज्वारी) पोटरीत येतो, हरभऱ्याला घाटे धरतात, पहाटे गवतावर दव पडते आणि बाजारात बोरे, गाजरे व वाटाण्याच्या शेंगा यांचे ढीग लागतात. यातल्या कशासाठीही संच विकत घ्यावा लागत नाही, आणि त्यामुळेच कोणी विक्रेता या गोष्टी घेऊन तुमच्या कार्यालयात येत नाही.

वाटाण्याच्या शेंगांचेच पाहा. तिसरीच्या वर्गात प्रत्येक मुलाला दहा शेंगा द्याव्यात. शेंग सोलण्याआधी तिच्यावरून बोट फिरवून आत किती दाणे असतील याचा अंदाज वहीत लिहायचा, मग शेंग फोडून दाणे मोजायचे आणि खरी संख्या अंदाजाशेजारी लिहायची. दुसऱ्या-तिसऱ्या शेंगेपासून मुले घाई सोडतात, शेंग उजेडाकडे धरून पाहतात, टोकाचा बारीक, न भरलेला दाणा धरायचा की नाही यावर वाद घालतात. हा वाद शिक्षकांनी मिटवू नये; काय मोजायचे याचा नियम वर्गाने मिळून ठरवावा आणि तो फळ्यावर लिहावा. नंतर चार दाण्यांच्या शेंगा किती, पाच दाण्यांच्या किती, सहा दाण्यांच्या किती, अशा टरफलांच्याच उभ्या रांगा जमिनीवर मांडल्या, की चित्रालेख तयार होतो. अंदाज, मोजणी, वर्गीकरण आणि आलेख हे सर्व एका तासिकेत होते, शिवाय दाणे दुपारच्या खिचडीत जातात. पहिलीच्या मुलांना मात्र दाणे सुटे देऊ नयेत. लहान मुले ते नाकाकानांत घालतात, आणि तसे झाल्यास घरगुती उपाय न करता थेट डॉक्टरांकडे न्यावे लागते.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात ‘मकरसंक्रांतीपासून दिवस मोठा होऊ लागतो’ असे आम्ही शिकवतो. एका पालकांनी ते चूक असल्याचे सांगितले. मग मुलांना नेमके काय सांगावे? (शिक्षक, सातारा जिल्हा)

पालकांचे म्हणणे बरोबर आहे. या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर देतो, कारण हे वाक्य दर जानेवारीत फलकलेखनात, भाषणांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत कोणीही न तपासता लिहिले जाते.

आपल्याकडे वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो. त्यानंतर दिवस वाढू लागतो आणि संक्रांतीपर्यंत पुण्या-साताऱ्याच्या परिसरात तो सहा-सात मिनिटांनी वाढलेला असतो. मग संक्रांतीचा समज आला कोठून? सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकर राशीतला प्रवेश (म्हणजेच संक्रांत) आणि उत्तरायणाचा प्रारंभ (म्हणजेच दिवस वाढू लागणे) या दोन गोष्टी एकाच सुमारास घडत असत. पृथ्वीचा अक्ष अतिशय मंद गतीने दिशा बदलतो. त्यामुळे साधारण ७२ वर्षांत एक दिवस या हिशेबाने त्या एकमेकींपासून दूर सरकत गेल्या आणि आज त्यांच्यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. सण आपल्या जागी राहिला, सूर्याचे वळण मागे आले. सण साजरा करण्यास यामुळे काहीच बाधा येत नाही. तिळगूळ द्यावा, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी यांच्याबद्दल मुलांना बोलते करावे. परंतु विज्ञानाच्या तासाला जे सांगायचे, ते तपासलेले असावे.

तिसरीच्या मुलाला अक्षाची दिशा वगैरे सांगण्याची गरज नाही. त्याला काठी द्यावी. एक मीटर लांबीची सरळ काठी माती भरलेल्या डब्यात उभी करावी आणि ती उभी आहे की नाही हे दोरीला दगड बांधून केलेल्या ओळंब्याने मुलांकडूनच तपासून घ्यावे. डबा सपाट फरशीवर ठेवून सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. पुण्याच्या आसपास २१ डिसेंबरला यातली सर्वांत लहान सावली सुमारे ९० सेंटीमीटर भरते, आणि संक्रांतीच्या दिवशी तीच ८४ सेंटीमीटरच्या जवळ येते. सूर्य वर चढू लागलेला आहे, हे मूल आपल्या पट्टीने मोजते. त्यासाठी शिक्षकांच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

येथे आणखी एक ऐकीव गोष्ट उघडी पडते. सर्वांत लहान सावली घड्याळात बाराला पडते असे बहुतेक सर्वांना वाटते. पुण्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती सुमारे साडेबारा वाजता पडते आणि नागपुरात सव्वाबाराच्या थोडी आधी, कारण आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताच्या वेळेनुसार चालतात आणि महाराष्ट्र त्याच्या पश्चिमेला आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळा दिलेल्या असतील, तर चौथीच्या मुलांकडून त्या दोहोंची मध्यवेळ काढून घ्यावी आणि सावलीची वेळ तिच्याशी जुळते का ते पाहावे. वेळेच्या बेरीज-वजाबाकीसाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

याच वेळा रोज फळ्यावर लिहिल्या, तर मुलांच्या लक्षात येते की डिसेंबरअखेर दिवस वाढू लागला तरी सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत आणखी उशिरानेच होत राहतो, आणि वाढ सारी संध्याकाळच्या बाजूने होते. ‘अजून सकाळी अंधारच असतो, मग दिवस वाढला कसा?’ असे मूल विचारेल. तो प्रश्न टाळू नये, आणि उत्तर येत नसेल तर आंतरजालावरचे पहिले वाक्य उतरवूनही देऊ नये. जवळच्या माध्यमिक शाळेतील भूगोलाच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात बोलवावे. सावली मोजताना कोणत्याही मुलाने सूर्याकडे थेट पाहू नये, ही सूचना प्रत्येक वेळी, दहाव्यांदा असली तरी, द्यावी.

प्रश्न : हिवाळ्यात सूर्य पृथ्वीपासून लांब जातो, म्हणून थंडी पडते, असे मुलीने घरी येऊन सांगितले. हे खरे आहे का? (पालक, चंद्रपूर)

नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे या दिवसांत आपल्याकडे किरणे तिरपी पडतात आणि दिवस लहान असतो, म्हणून थंडी. वर्गशिक्षकांना भेटून मुलीने काय ऐकले, हे आधी समजून घ्यावे.

प्रश्न : वर्गाचे तापमान नोंदवण्यासाठी ताप मोजण्याचा थर्मामीटर वापरता येईल का? (शिक्षिका, चौथी, जालना जिल्हा)

नाही; काचेच्या थर्मामीटरची मोजपट्टी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास सुरू होते. भिंतीवरचा, लाल द्रव असलेला तापमापक आणावा, तो सावलीत टांगावा आणि रोज ठरलेल्या वेळी वाचावा. पारा असलेले कोणतेही उपकरण मुलांच्या हाती देऊ नये.

प्रश्न : दुसरीच्या मुलांना भिगवणला रोहित पक्षी पाहायला न्यावे का? (शिक्षक, पुणे जिल्हा)

भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, पट्टकादंब असे पक्षी येतात आणि ते मुलांना दाखवण्यासारखे आहेत, यात शंका नाही. तरीही दुसरीच्या मुलांसाठी मी शाळेच्या आवारापासून सुरुवात करीन. थंडीत आपल्याकडे येणारा धोबी पक्षी मैदानावर, पाण्याच्या टाकीजवळ, सतत शेपटी वरखाली हलवत फिरतो. तो ओळखायला दुर्बीण लागत नाही. शेजारी ज्वारीचे शेत असेल, तर भोरड्यांचे थवे उतरतात आणि राखणदार त्यांना कसे हाकलतो, हे त्याच्याच तोंडून ऐकता येते. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पुष्कळदा तो दिवाळीच्या सुटीला लागून येतो आणि शाळांत राहून जातो. तो डिसेंबरमध्ये करण्यास कोणाची हरकत नसावी. सहल न्यायचीच असेल, तर मुख्याध्यापकांची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि नावेत प्रत्येक मुलाला जीवरक्षक जाकीट या तीन गोष्टींशिवाय नेऊ नये.

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत असून त्याला जोडाक्षरे अजिबात वाचता येत नाहीत. ‘गॅदरिंग होऊ द्या, मग बघू’ असे शाळेतून सांगितले जाते. दरम्यान शेजाऱ्यांनी मेंदू सक्रिय करण्याचा एक हिवाळी वर्ग सुचवला आहे. (पालक, ठाणे)

थांबू नका, आणि त्या वर्गालाही घालू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे असे वर्ग भरपूर पैसे घेतात आणि मुलाचे बहुमोल महिने वाया घालवतात. त्यांना शास्त्रीय आधार नाही.

स्नेहसंमेलनाला माझा विरोध नाही. व्यासपीठावर उभे राहून चार वाक्ये स्पष्ट बोलणे हेही शिक्षणच आहे. परंतु डिसेंबर नाचाच्या सरावात, जानेवारी बक्षीस समारंभात आणि फेब्रुवारी राहिलेला अभ्यासक्रम संपवण्यात गेला, तर वाचनात मागे पडलेल्या मुलाकडे पाहायला कोणालाच वेळ उरत नाही. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे, हे २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे ध्येय आहे, आणि दुसरीतला हिवाळा त्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

वर्गशिक्षकांना या आठवड्यातच भेटा आणि मुलाला कोणती अक्षरे येतात, कोठे अडते, हे त्यांच्याबरोबर बसून लिहून काढा. घरी रोज पंधरा-वीस मिनिटे त्याच्या शेजारी बसून तुम्ही वाचा, त्याचे बोट ओळीवरून फिरू द्या. चुकले म्हणून रागावू नका आणि भावंडांशी तुलना करू नका. डोळे आणि कान यांची तपासणी करून घ्या, कारण फळा नीट न दिसणारे मूल पुष्कळदा आळशी ठरवले जाते. एवढे करूनही दोन-तीन महिन्यांत फरक दिसला नाही, तर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्यावी. ते निदान तुम्ही, मी किंवा शेजाऱ्यांनी करायचे नाही.

प्रश्न : पहिलीतल्या मुलीची शाळा सकाळी सातला भरते. थंडीत ती रोज रडते. (पालक, कोल्हापूर)

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला आहे. इतर पालकांसह मुख्याध्यापकांना भेटा. शाळेला खरी अडचण असेल, तर शिक्षणाधिकारी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : आमच्या वर्गातील काही मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहेत, ती एप्रिलमध्येच परततील. हिवाळ्यातले हे सगळे उपक्रम त्यांच्या वाट्याला कसे यावेत? (शिक्षक, बीड जिल्हा)

हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपला आभारी आहे, कारण हिवाळी उपक्रमांच्या चर्चेत या मुलांची आठवण क्वचितच कोणाला होते. मुले गावी आजी-आजोबांकडे राहू शकत असतील, तर हंगामी वसतिगृहाची सोय पाहावी. जी गेली आहेत, त्यांचे आईवडील कोणत्या कारखान्याच्या हद्दीत उतरले आहेत, हे मुकादमाला (मजुरांची टोळी नेणाऱ्याला) फोन करून विचारावे आणि तेथील जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी आपण स्वतः बोलावे. शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत शिक्षण सुरू ठेवता यावे म्हणून दिले जाणारे पत्रक) दिलेले नसेल, तर ते आता पाठवावे. शाळा सोडल्याचा दाखला नाही या कारणाने प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, हे वर उल्लेखिलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये नमूद आहे आणि ते समोरच्या शाळेला नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगावे.

मुलांना वर्गाशी जोडून ठेवण्यासाठी सावलीचाच उपक्रम द्यावा. एक मीटरची काठी कोपीसमोरही (ऊसतोड मजुरांच्या झोपडीसमोरही) उभी करता येते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बीडला दिवसातली सर्वांत लहान सावली ९१ सेंटीमीटरच्या जवळ, तर कोल्हापूरकडे ८४ सेंटीमीटरच्या आसपास भरेल. तिकडच्या मुलाने फोनवर सांगितलेला आकडा आपल्या फळ्यावर त्याच्या नावासह लिहावा, म्हणजे गावाकडची मुले नकाशा काढून फरकाचे कारण शोधू लागतील. हंगाम सुरू होऊन बरेच दिवस झाले आहेत, त्यामुळे पुढच्या मासिक बैठकीची वाट न पाहता गेलेल्या मुलांची यादी आजच केंद्रप्रमुखांना लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.