लातूर : पाळणाघर, प्ले स्कूल की नोकरीच सोडायची?

प्रश्न : माझा पगार 22,000, मिस्टरांचा 31,000. मुलगा सव्वादोन वर्षांचा. सासूबाई औशाला असतात, गुडघ्यांमुळे त्यांना आता लेकरू झेपत नाही. घराजवळचं पाळणाघर महिन्याला 3,500 घेतं. नवं प्ले स्कूल, डे केअरसकट, 7,000 आणि प्रवेशाचे 25,000 मागतंय. एवढे घालवण्यापेक्षा नोकरीच सोडू का?

उत्तर : ताई, नोकरी सोडू नका. पाळणाघराचा खर्च तुम्ही एकट्या तुमच्या पगारातून वजा केलात, गडबड तिथंच झाली. लेकरू दोघांचं आहे, खर्चही 53,000 मधूनच धरायचा. शिवाय दोन-तीन वर्षांच्या खंडानंतर याच पगारावर कुणी परत घेईल, याचा भरवसा नाही.

प्ले स्कूलचं पहिलं वर्ष 1,09,000 ला पडतं, पाळणाघराचं 42,000 ला. वरचे 67,000 कशाचे, हे दुपारी एक-दीडला, न कळवता जाऊन बघा. माझ्या मुलीसाठी मी अशीच एक जागा पाहिली होती. भिंतीभर चित्रं, रंगीत घसरगुंडी. आत 14 लेकरं, बाई एकच, आणि दारामागच्या खिळ्याला एकच नॅपकिन. त्यानंच सगळ्यांची नाकं पुसणं चाललेलं. मी तिथूनच परत फिरले.

पाळणाघरांसाठीच्या केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांत तीन वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस सांगितली आहे. दोन्हीकडे माणसं मोजा. वर्षात किती बायका सोडून गेल्या, तेही विचारा. लेकराला रोज नवा चेहरा नको. एप्रिल-मेचं तर खोदून विचारा : लाईट गेल्यावर पंखा चालतो का, टाकीत पाणी किती दिवसांचं, प्यायचं कुठून आणतात. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं आपलं शहर आहे.

फीवर करसवलत मिळते असं कुणी सांगितलं तर त्याला भुलू नका. तुमच्या पगारांवर नव्या पद्धतीत करच लागत नाही.

पाळणाघरातल्या बाई मायेच्या असतील पण हात कमी पडत असतील, तर इतर पालकांशी बोला. 12 घरांनी 500 जादा दिले तर 6,000 होतात, तेवढ्यात अर्ध्या दिवसाची मदतनीस ठेवता येईल. तरी पहिल्या वर्षी 61,000 वाचतात; त्यातले महिन्याला 3,000 शाळेसाठी आरडीत टाका. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर वॉर्डातली अंगणवाडीही बघून या, तिथं फी नाही.

आणि तुमच्या ऑफिसात 50 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.