तार षड्जाला आवाज फुटतो, तिथे जोर कमी करा

तुमचा प्रश्न असा: खानापूर भागातलं भजनी मंडळ, पेटी पांढरी चारला (म्हणजे चौथी पांढरी पट्टी हा ‘सा’), आणि गजर चढला की तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, आसपास आवाज फुटतो. बुवा म्हणतात खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) वाढवा, सोबती म्हणतात छातीतून जोर लावा. वरचा सूर मिळवायचा कसा?

आधी एक गोष्ट तपासा. पेटी काळी एकला (पहिली काळी पट्टी हा ‘सा’) घ्या आणि सावकाश वर जा. बहुधा आता तार षड्ज सहज लागेल आणि अडचण तार गंधाराला, म्हणजे वरच्या ‘ग’ला, येईल. काळी एकचा तार गंधार आणि पांढरी चारचा तार षड्ज ही पेटीवरची एकच पट्टी आहे, सेकंदाला सुमारे ३५० कंपनांची. म्हणजे तुमचा गळा सरगमीतल्या ठराविक सुराला नाही, एका ठराविक उंचीला अडतोय. बहुतेक पुरुषांची ही जागा साधारण ३०० ते ३७० कंपनांच्या दरम्यान येते. तुमच्या गळ्यात दोष आहे असं मुळीच समजू नका.

तिथे घडतं काय? सूर चढतो तशा स्वरतंतू लांब आणि पातळ होतात. खालच्या सुरांसाठी त्यांना जाड ठेवणारा स्नायू वेगळा, ताणणारा वेगळा. चढताना पहिल्याने हळूहळू सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं. आपण मात्र खालचाच भरीव आवाज तसाच वर रेटतो. मग पहिला स्नायू एकदम सुटतो, आवाज फुटतो किंवा चोरटा होतो. म्हणून ‘जोर लाव’ हा सल्ला मला पटत नाही. खर्ज जरूर करा, त्याने आवाज स्थिर आणि सैल होतो. पण वरचं दार नुसत्या खर्जाने उघडत नाही.

सराव असा करा. पेल्यात दोन बोटं पाणी घ्या, कागदी नळी बुडवा आणि नळीतून ‘ऊ’ म्हणत मध्य पंचमापासून (मधल्या ‘प’पासून) तार षड्जापर्यंत मींड घ्या, म्हणजे सूर न तोडता घसरत वर जा, आणि परत या. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. उसळले तर हवा जास्त आहे. नळीमुळे तोंडात दाब तयार होतो आणि स्वरतंतूंवर आदळण्याचा ताण कमी पडतो. नळी नसेल तर ओठांची फुरफुर चालेल. मग नळी बाजूला ठेवून तेच हलक्या ‘ऊ’वर, नंतर ‘ओ’वर आणि शेवटी आकारात, म्हणजे ‘आ’वर. आवाज बारीक निघाला तरी चालेल, तुटता कामा नये. तो सांधला की पेटीवर अर्धा सूर वर सरका. दहा-पंधरा मिनिटं पुरे. भरीवपणा नंतर येतो आणि हळूहळूच येतो. काही महिन्यांत एक-दोन सूर पक्के झाले तर ती उत्तम प्रगती समजा.

आकाराकडे विशेष लक्ष द्या. वर गेल्यावर तोंड आडवं फाकवून सपाट ‘आ’ लावला की गळा आवळतो. जबडा सैल सोडून तोंड उभं उघडा, ‘आ’ला किंचित ‘ऑ’ची गोलाई द्या. ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणताना ‘वि’ला ओठ ताणू नका. हनुवटीही वर उचलू नका; सूर वर आहे म्हणून मान वर लागत नाही!

भरपूर श्वास म्हणजे उंच सूर हेही खरं नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व आपल्याच मातीतले. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, तरी त्यानंतरच्या त्यांच्या गाण्यातली तार सप्तकातली झेप ऐका. छोटी स्वरवाक्यं, नेमका श्वास आणि अचूक लागलेला सूर. दुसऱ्या बाजूला गंगूबाई हनगल: आवाज खाली उतरला, त्या पट्टीतच त्यांनी आयुष्यभर थोर गाणं गायलं. उंच सूर म्हणजेच चांगलं गाणं, हा समज आपल्या भजनी मंडळांतून जायलाच हवा.

तोवर बुवांशी स्पष्ट बोला. पांढरी चारऐवजी पांढरी तीन किंवा काळी दोन घेतली तर अभंगाचं काहीच बिघडत नाही. सप्ताहात टाळ-पखवाजाच्या आवाजात स्वतःचं गाणं ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत ओरडतो. एक स्पीकर तुमच्याकडे वळवून घ्या. जागराच्या दुसऱ्या दिवशी वरच्या सुरांचा सराव नकोच. घसा दुखला तर त्या दिवशी थांबा, आणि आवाजाचा बसकेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या. काढे आणि खडीसाखरेत वेळ घालवू नका.

पट्टी बदलून पाहिल्यावर आवाज नेमका कोणत्या सुराला फुटतो आणि ‘ऊ’वर तो सांधला जातो का, एवढं इथे लिहा. त्यावरून पुढचे पलटे (सरावाचे स्वरसमूह) सांगता येतील.